सेपाच्या यादीत देश आहे, मग पैसे का कापले जातात?

वाईकर_वियेन्ना (धागाकर्ता)

सेपा म्हणजे युरोपातल्या बँकांमध्ये युरो पाठवायची सामाईक व्यवस्था. तिच्याबद्दल इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला आहे. "स्वित्झर्लंडला सेपाने पैसे जातात का?" "ब्रेक्झिटनंतर लंडन बंद झालं ना?" "मॉन्टेनेग्रोत युरोच चालतो, मग तिथे तर चालेलच?" कोणीतरी देशांची यादी डकवतो, त्याखाली दुसरा लिहितो "यादीत आहे, पण माझे पैसे कापले", आणि तेवढ्यात कोणाचा तरी वाढदिवस निघतो. म्हणून इथे सविस्तर लिहितोय, म्हणजे पुढच्या वेळी दुवा देऊन मोकळं होता येईल.

आधी यादी. युरोपीय संघाचे २७ देश. त्यांच्या जोडीला आइसलँड, नॉर्वे आणि लिश्टेनश्टाइन. मग स्वित्झर्लंड, ब्रिटन, आणि मोनॅको, सान मारिनो, अँडोरा, व्हॅटिकन हे चार चिमुकले. झाले ३६. २०२४ च्या नोव्हेंबरात मॉन्टेनेग्रो आणि अल्बेनियाला मंजुरी मिळाली, २०२५ च्या मार्चमध्ये मोल्डोवा आणि उत्तर मॅसिडोनियाला. या चौघांच्या बँकांचे व्यवहार ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाले. सर्बियाला मे २०२५ मध्ये होकार मिळाला, तिथल्या बँकांसाठी मे २०२६ ठरला आहे. एकूण ४१.

घोळ यापुढे सुरू होतो. या यादीत निदान तीन तऱ्हेचे देश एका रांगेत बसवलेले आहेत. युरो वापरणारे संघाचे सदस्य (बल्गेरिया १ जानेवारी २०२६ पासून यात आला). संघात किंवा त्याच्या आर्थिक क्षेत्रात असून स्वतःचं चलन ठेवणारे: पोलंड, स्वीडन, डेन्मार्क, चेकिया, नॉर्वे. आणि संघाशी सदस्यत्वाचा काहीही संबंध नसलेले: स्वित्झर्लंड, ब्रिटन, आता बाल्कनमधली मंडळी. सेपाचं नियमपुस्तक सगळ्यांना सारखं. ते ब्रसेल्समधल्या युरोपियन पेमेंट्स कौन्सिलचं, म्हणजे बँकांनीच मिळून २००२ साली काढलेल्या संस्थेचं. पण "परदेशी युरो पाठवायला देशांतर्गतपेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत" हा नियम त्या पुस्तकात नाही, तो संघाच्या कायद्यात आहे. जिथे तो कायदा पोचत नाही तिथे सेपा असूनही बँक फी लावू शकते, आणि लावते.

माझं म्हणणं एवढंच की "देश यादीत आहे का" हा प्रश्न अर्धा आहे. उरलेला अर्धा म्हणजे तिथे कायदा कोणाचा, आणि तुमच्या बँकेने स्वतः सेपाच्या करारावर सही केली आहे का.

ओवी_व्रोत्सवाफ

बरं झालं धागा काढलात. पोलंडची गोष्ट सांगते, इथे पुण्याहून आलेली बरीच आयटीवाली मंडळी आहेत, उपयोग होईल.

जर्मनीतल्या जुन्या घराचं डिपॉझिट परत यायचं होतं. मी पगाराच्या खात्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहिलेला खातेक्रमांक) दिला. पैसे दुसऱ्या दिवशी आले, एका सेंटची फी नाही. पण खातं झ्लॉटीचं, म्हणजे पोलंडच्या चलनाचं, त्यामुळे बँकेने आपल्या दराने युरोचे झ्लॉटी करून जमा केले. तो दर आणि त्या दिवशीचा बाजारातला दर शेजारी ठेवले तर फी परवडली असती! तक्रार करायला गेले तर बाई गोड हसून म्हणाल्या, आम्ही फी कुठे घेतली?

इथे त्याच बँकेत युरोचं वेगळं खातं काढता येतं. त्याचा आयबॅन वेगळा असतो. युरो येणार असतील तर तोच द्यायचा, आणि बदलायचे तेव्हा आपल्या सोयीने बदलायचे.

वाईकर_वियेन्ना

ओवीताई, नेमकं. सेपा फक्त युरोचं आहे. व्रोत्सवाफहून क्राकूफला झ्लॉटी पाठवले तर सेपाचा संबंधच नाही, आणि स्वीडिश क्रोना पोलंडला पाठवले तरी नाही. पण पोलंडमधून युरो बाहेर पाठवताना तुम्हाला एक कायदेशीर आधार आहे. १५ डिसेंबर २०१९ पासून युरो नसलेल्या सदस्य देशांतल्या बँकांना, सीमेपलीकडे युरो पाठवायला, देशातल्या देशात स्थानिक चलन पाठवायला जेवढे घेतात त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याआधी बल्गेरियासारख्या देशांतून दहा युरो पाठवायला दहाच्या वर फी लागल्याची उदाहरणं होती. चलन बदलण्याचा दर मात्र त्या कायद्यात येत नाही. बँकेचा हात तिथे मोकळा आहे.

टिळकरोडचा_टिल्लू

एक कळलं नाही. मॉन्टेनेग्रोत कोटरला सुट्टीला गेलो होतो, कॉफीपासून पार्किंगपर्यंत सगळं युरोत. वर्षानुवर्षं युरो वापरणारा देश २०२५ पर्यंत बाहेर, आणि युरोला नाक मुरडणारा स्वीडन आत? हे कसलं लॉजिक?

वाईकर_वियेन्ना

मॉन्टेनेग्रोने १९९९ मध्ये जर्मन मार्क घेतला आणि २००२ मध्ये मार्कच्या जागी युरो. कोणाला विचारून नाही, आपणहून. कोसोव्होचंही तेच, आणि कोसोव्हो अजूनही यादीत नाही. म्हणजे प्रिश्तिनात एटीएममधून युरोच्या नोटा निघतात, पण तिथून व्हिएन्नाला युरो पाठवायचे तर स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेने. बोस्नियाही बाहेर आहे. तुर्कस्तानही.

आत यायला चलन बघत नाहीत. कायदे बघतात: पेमेंट सेवांचा कायदा, काळ्या पैशाविरुद्धचे नियम, पैसे पाठवणाऱ्याची माहिती सोबत जाते का, परदेशी बँकेला बरोबरीची वागणूक मिळते का. हे सगळं संघाच्या कायद्याशी जुळतं असं दाखवून अर्ज करावा लागतो, मागे सरकार आणि मध्यवर्ती बँक उभी लागते. अल्बेनियासारख्यांना ते करायला वर्षं गेली. २०२३ च्या नोव्हेंबरात युरोपियन कमिशनने पश्चिम बाल्कनसाठी जी विकास योजना आणली त्यात सेपा हा अग्रक्रमाचा विषय होता, त्यानंतर गाडी हलली. युक्रेनचीही तयारी चालू आहे.

निवृत्त_फॉरेक्स

चर्चा वाचून राहवले नाही. राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागात, फोर्ट शाखेत, आयुष्य गेले. सध्या मुलीकडे हेगला आहे.

यादीबाहेरच्या देशाला युरो पाठवणे म्हणजे काय, हे आतल्या बाजूने सांगतो. समजा कोसोव्होतल्या बँकेला ऑस्ट्रियातल्या ग्राहकाकडून युरो यायचे आहेत. त्या बँकेला फ्रँकफुर्ट किंवा व्हिएन्नातल्या मोठ्या बँकेत स्वतःचे खाते ठेवावे लागते, त्याला आम्ही नॉस्ट्रो म्हणतो. पैसे पाठवणाऱ्याची बँक स्विफ्टने निरोप धाडते. निरोप म्हणजे पैसे नव्हेत, फक्त सूचना! पैसे मधल्या बँकेच्या वहीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. मधली बँक आपले कमिशन रकमेतूनच कापते. मध्ये दोन बँका असल्या तर दोनदा. म्हणून ५०० पाठवले आणि ४८२ पोचले असे होते, आणि १८ कोणी घेतले ते शेवटपर्यंत कळत नाही. सेपाच्या नियमपुस्तकात हे बसत नाही. रक्कम पूर्णच पोचली पाहिजे. ज्याला फी घ्यायची त्याने आपल्या ग्राहकाकडून, वेगळी दाखवून घ्यावी.

हा फरक मला फीच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

बासेलची_सून

निवृत्तकाका, अगदी पटलं. स्वित्झर्लंडमधून लिहिते. इथे सेपा अगदी पहिल्या दिवसापासून, म्हणजे जानेवारी २००८ पासून आहे. तरी अनुभव बँकेगणिक वेगळा. माझ्या नवऱ्याच्या बँकेत ऑनलाइन सेपाला काही लागत नाही, माझ्या आधीच्या बँकेत आलेल्या युरोवरही फी होती. दोन्ही कायदेशीर! संघाचा फीवाला कायदा इथे लागू नाही.

शिवाय रोजचं सगळं फ्रँकमध्ये. विम्याचं बिल क्यूआर कोड छापून घरी येतं, ते फ्रँकच्या देशी यंत्रणेतून जातं. सेपा आम्हाला लागतं ते ऱ्हाइनपलीकडच्या जर्मन दुकानदाराला, नाहीतर मुलाच्या फ्रायबुर्गच्या खोलीच्या भाड्याला. फ्रँकच्या खात्यातून पाठवलं की दर बँकेचा. ओवीने लिहिलं तसंच, फक्त इथले लोक जास्त सभ्यपणे लुटतात :)

लंडनस्थ_कोल्हापुरी

आता ब्रिटनचं ऐका भावांनो. सगळ्यांना वाटतंय ब्रेक्झिटने सेपा गेलं. गेलं नाही. मार्च २०१९ मध्येच कौन्सिलने सांगून टाकलं होतं की ब्रिटन बाहेर पडला तरी सेपात राहील, आणि १ जानेवारी २०२१ पासून आम्ही "तिसरा देश", म्हणजे संघाबाहेरचा देश, म्हणून त्यात आहे.

पण दोन गोष्टी बदलल्या. एक, पैसे पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता लागतो. आयर्लंडमधल्या एका सेवेचं डायरेक्ट डेबिट (आपण मंजुरी दिली की समोरचा खात्यातून थेट पैसे वसूल करतो ते) माझ्या जीबीने सुरू होणाऱ्या आयबॅनवरून वर्षानुवर्षं सुरळीत जात होतं, २०२१ मध्ये अचानक परत गेलं. कारण काय, तर त्यांच्या फायलीत माझा पत्ता नव्हता! संघातल्या संघात तो लागत नाही, म्हणून त्यांनी कधी मागितलाच नव्हता.

दुसरं म्हणजे फी. ती आता ज्याची त्याची मर्जी. आणि इथल्या सगळ्या बँका युरो सेपानेच पाठवतात असंही नाही. स्क्रीनवर "इंटरनॅशनल पेमेंट" एवढंच लिहिलेलं असतंय, आतून सेपा की स्विफ्ट ते बटण दाबल्यावर समजतंय. अवघड विषय आहे.

वाईकर_वियेन्ना

यातच तो "बँकेची सही" मुद्दा आहे. रस्त्यावर वीज मंडळाचा खांब आला म्हणून घरात दिवा लागत नाही, मीटरसाठी अर्ज आपल्यालाच करावा लागतो. तसं देशाला मंजुरी मिळाली तरी प्रत्येक बँकेला कौन्सिलशी स्वतंत्र करार करावा लागतो. तोही योजनावार: साधं ट्रान्सफर एक, तात्काळ ट्रान्सफर दुसरं, डायरेक्ट डेबिट तिसरं, व्यापाऱ्यांसाठीचं डायरेक्ट डेबिट चौथं. बँक पहिल्यात असेल आणि दुसऱ्यात नसेल. युरो वापरणाऱ्या देशांत हे स्वातंत्र्य उरलेलं नाही, तिथे कायद्यानेच भाग पाडलं आहे. बाहेरच्यांना ते आहे.

कोणत्या बँकेने कशावर सही केली याची नोंदवही कौन्सिलच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. देशाच्या यादीपेक्षा ती बघा.

आखेनचा_बाबा

नमस्कार. मी नाशिकचा, मुलगी आखेनला एम.एस. करते आहे. इथून पैसे पाठवताना बँकेतल्या साहेबांनी आयबॅन मागितला, म्हणून मला वाटले की हे सेपानेच जाते. दर वेळी थोडे कमी पोचतात. सेपाचा पर्याय कुठे निवडायचा?

निवृत्त_फॉरेक्स

साहेब, भारत सेपात नाही, त्यामुळे तो पर्याय फॉर्मवर असणारच नाही. आयबॅन हा फक्त खातेक्रमांक लिहिण्याचा एक प्रमाण प्रकार आहे. जर्मनीत २२ अक्षरांचा, नेदरलँड्समध्ये १८, नॉर्वेत १५, माल्टात ३१. पहिल्या दोन अक्षरांत देश, पुढचे दोन तपासणीचे अंक. एखादा आकडा चुकला तर ९७ ने भागून संगणक तिथल्या तिथे पकडतो. पण आयबॅन आहे म्हणून मार्ग सेपाचा होत नाही.

तुमचे पैसे ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरून स्विफ्टने जातात. फॉर्मवर खर्चाचा रकाना असतो. त्यात "शेअर्ड" वर खूण असेल तर मधल्या बँकेचे कमिशन रकमेतून जाते. "अवर" वर खूण करून सगळा खर्च आपल्याकडे घ्या, इथे थोडे जास्त भरावे लागतील पण विद्यापीठाची फी अपुरी पडून नोटीस येण्याची भानगड टळेल. मुलीच्या जर्मन खात्यात पैसे एकदा आले की तिथून पुढे सगळे सेपाच: घरभाडे, विमा, मित्राला दिलेले कॉफीचे पैसेसुद्धा.

ओवी_व्रोत्सवाफ

बाबा, उलट्या दिशेची गंमतही सांगते. आम्ही इथून घरी पैसे पाठवताना जी ॲप्स वापरतो, ती काय करतात? आमच्याकडून युरोपातल्याच त्यांच्या खात्यात सेपाने पैसे घेतात, आणि त्यांच्या भारतातल्या भागीदार बँकेतून आयएमपीएसने आईच्या खात्यात टाकतात. सीमा ओलांडणारा आपला पैसा असा नसतोच. दोन्हीकडे देशी ट्रान्सफर, मधला हिशोब त्यांचा ते बघतात. म्हणून स्वस्त.

पत्त्याचा_गोंधळ

माझा प्रश्न वेगळा आहे. बर्लिनमध्ये नोकरी लागली तेव्हा खातं एका ॲपवाल्या बँकेचं, आयबॅन लिथुएनियाचा, एलटीने सुरू होणारा. एचआरने सांगितलं, पगार फक्त डीई (जर्मन) आयबॅनवर. मोबाइल कंपनीने तेच. लिथुएनिया तर युरोवाला देश, संघाचा सदस्य. मग?

वाईकर_वियेन्ना

मग ते बेकायदा आहे. २०१२ च्या सेपा नियमावलीचं नववं कलम याचसाठी आहे: पैसे घेणाऱ्याने किंवा देणाऱ्याने समोरच्याचं खातं कोणत्या सदस्य देशात असावं ही अट घालायची नाही. याला इकडे "आयबॅन भेदभाव" म्हणतात, आणि इतकं सर्रास चालतं की काही फिनटेक (ॲपवरून बँकिंग करणाऱ्या) कंपन्यांनी मिळून तक्रारी गोळा करायला २०२१ मध्ये संकेतस्थळ काढलं.

कारण बहुतेक वेळा दुष्टपणा नसतो, जुनं सॉफ्टवेअर असतं. फॉर्ममध्ये २२ चौकटी, लिथुएनियाचा आयबॅन २० अक्षरी, चौकट लाल होते, समोरचा म्हणतो चालत नाही. एचआरला ईमेलमध्ये कलमाचा क्रमांक लिहून पाठव. दहातले सात तिथेच वळतात. उरलेल्यांसाठी त्या देशात याची तक्रार घेणारं सरकारी कार्यालय असतं.

लंडनस्थ_कोल्हापुरी

आणि हे कलम आमच्या जीबी आयबॅनला लागू नाही, स्विसलाही नाही. म्हणजे यादी एकच, पण पंक्ती दोन. वाईकरांचा मुद्दा इथे पुरता सिद्ध होतोय बघा.

तीन_नावांचा_माणूस

ऑक्टोबरपासून नवीनच पंचाईत. कोणालाही पैसे पाठवले की ॲप नाव तपासतं. माझ्या पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात आडनाव, आणि नावाच्या रकान्यात माझं व वडिलांचं नाव एकत्र. बँकेने खातं तसंच तिन्ही नावांनी उघडलं. ऑफिसात मला सगळे पहिल्या नावाने आणि आडनावाने ओळखतात. सहकाऱ्याने सहलीचे पैसे पाठवायला घेतले तर "नाव पूर्ण जुळत नाही, अंदाजे असं आहे" म्हणून माझ्या वडिलांचं नाव त्याला दाखवलं. आता ऑफिसात मला वडिलांच्या नावाने हाका मारतात.

बासेलची_सून

🤣🤣 आमच्या एका दाक्षिणात्य मित्राच्या पासपोर्टवर आडनावच नाही, त्याचं काय होत असेल!

वाईकर_वियेन्ना

हसू नका, हा मोठा बदल आहे. आधी युरोपात बहुतेक ठिकाणी खात्याचं नाव कोणी तपासत नव्हतं. आयबॅन बरोबर असला की पैसे जात, नावाच्या जागी "गणपती बाप्पा" लिहिलं तरी. खोटी बिलं पाठवून लुटणाऱ्यांचं फावत होतं. २०२४ च्या तात्काळ पेमेंटच्या कायद्याने युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून दोन गोष्टी सक्तीच्या केल्या: पाठवण्याआधी नाव जुळवून दाखवायचं, आणि दहा सेकंदांत पैसे पोचवणारी सेवा ग्राहकाला द्यायची, तीही साध्या ट्रान्सफरपेक्षा महाग नाही. पैसे स्वीकारण्याची सक्ती त्याआधीच, जानेवारी २०२५ मध्ये आली होती. पोलंड-स्वीडनसारख्यांना २०२७ पर्यंत मुदत आहे. ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि नव्या बाल्कन मंडळींवर ही सक्ती नाहीच.

उत्तर बहुतेक वेळा तीनपैकी एका प्रकारचं येतं: जुळलं, जवळपास जुळलं, जुळलं नाही. जवळपास जुळलं तरच खरं नाव दिसतं, नाहीतर फक्त नकार. नकार आला तरी पैसे पाठवता येतात, पण मग चूक झाल्यास जबाबदारी तुमची. आपल्या लोकांनी घरमालकाला, ऑफिसला खात्यावरचं नाव जसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट लिहून द्यावं. लाज कसली!

भीम_भक्त

दहा सेकंद म्हणून एवढं कौतुक? आमचा भाजीवाला २०१६ पासून यूपीआयवर दोन सेकंदांत पैसे घेतो, आणि नाव आधी दाखवतो. युरोपने आता कुठे डोळे उघडले.

निवृत्त_फॉरेक्स

अभिमान मलाही आहे. पण तुलना सारख्याची सारख्याशी हवी. यूपीआय एका देशात, एका चलनात, एका रिझर्व्ह बँकेखाली चालते. सीमा आली की आपलीही गती बघा. सिंगापूरच्या पे-नाऊशी (तिथल्या यूपीआयसारख्या सेवेशी) जोडणी फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली, दिवसाची मर्यादा साठ हजार रुपये. नेपाळला एनईएफटीवरून पैसे पाठवायची सोय २००८ पासून आहे, तीही इकडून तिकडे एवढीच.

देशांनी मिळून हिशोब करण्याचा आपला अनुभव मात्र जुना आहे, तो कोणी आठवत नाही. १९७४ साली एशियन क्लिअरिंग युनियन स्थापन झाली, मुख्यालय तेहरानला. भारत, इराण, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, पुढे भूतान आणि मालदीव. व्यापाराची देणीघेणी दोन महिने वहीत साठवायची आणि शेवटी फक्त फरक चुकता करायचा. आमच्या टेबलावर "एसीयू डॉलर" असे वेगळे रजिस्टर असे. कल्पना उत्तम. पण तिथे सदस्य म्हणजे मध्यवर्ती बँका, म्हणजेच सरकारे. त्यामुळे राजकारण थेट वहीत शिरायचे. डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने इराणच्या तेलाचे पैसे या मार्गाने द्यायचे नाहीत असा आदेश काढला, आणि एका दिवसात तेल कंपन्यांची धावपळ. पैसे होते, तेल होते, वाट बंद.

सेपात सही बँका करतात, हा मला त्यातला शहाणपणा वाटतो. ब्रिटन संघातून गेला तरी लंडनच्या बँकांचे करार शाबूत राहिले ते त्यामुळेच.

भीम_भक्त

काका, एसीयूची माहिती नवीन आहे, धन्यवाद. पण "बँका सही करतात म्हणून राजकारण नाही" हे नाही पटत. कोसोव्हो का बाहेर आहे मग? पाच सदस्य देश त्याला देश मानत नाहीत, हे बँकांनी ठरवलंय का?

निवृत्त_फॉरेक्स

राजकारण दारात आहे, हे मान्य. आत आल्यावर रोजच्या व्यवहारात ते कमी शिरते, एवढेच माझे म्हणणे. आणि कोसोव्होच्या शेजारचा सर्बिया आत येतो आहे, तेव्हा फार दिवस असे चालेल असे वाटत नाही.

वाईकर_वियेन्ना

भीम_भक्त, तुमच्यासाठी एक बातमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की यूपीआय आणि युरोपियन सेंट्रल बँकेची टिप्स ही तात्काळ पेमेंट यंत्रणा जोडण्याचं काम आता प्रत्यक्ष उभारणीच्या टप्प्यावर नेणार. टिप्स नोव्हेंबर २०१८ पासून चालू आहे, सेपाची तात्काळ पेमेंट्स तिच्यातूनही फिरतात. शिवाय सिंगापूर, मलेशिया, थायलंड, फिलिपिन्सबरोबरच्या नेक्सस (देशोदेशीच्या तात्काळ पेमेंट यंत्रणा जोडण्याच्या) करारावर भारताने २०२४ च्या जूनअखेर सही केली आहे. आखेनच्या बाबांना तेव्हा धाग्यावर यायची गरज पडणार नाही. पण ही जोडणी झाली तरी भारत सेपात आला असं होणार नाही. रुपया-युरोचा दर कोण ठरवणार आणि त्यावर किती कापणार, हा ओवीताईंचा प्रश्न तिथेही उभाच.

टिळकरोडचा_टिल्लू

अवांतर: नकाशा बघताना मजा वाटली. हिंदी महासागरातलं रियुनियन बेट सेपात, कारण ते फ्रान्स. डेन्मार्कच्या राज्यातलं ग्रीनलँड मात्र नाही. मुंबईहून रियुनियन हे बर्लिनपेक्षा जवळ पडतं, तरी ते सेपात!

बासेलची_सून

जर्सी, गर्न्सी, आइल ऑफ मॅनही आहेत, ४१ मध्ये त्यांना वेगळं मोजत नाहीत. आणि डायरेक्ट डेबिटचा एक फायदा कोणी लिहिला नाही. जिम, मोबाइल कंपनी काहीही असो, वसूल केलेली रक्कम पटली नाही तर आठ आठवड्यांत कारण न सांगता बँकेकडून परत मागता येते. मंजुरीच दिली नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत. जर्मनीत राहत असताना घर सोडल्यावरही जिम पैसे कापत राहिलं, मी ॲपमध्ये एक बटण दाबलं, संपलं. हा हक्क नियमपुस्तकातला आहे, त्यामुळे तो मला इथे स्वित्झर्लंडमध्येही मिळाला. कायदा नसला तरी सगळंच हातातून जात नाही.

(करार चालू असेल तर पैसे परत घेऊन देणं फिटत नाही हं. वसुलीची नोटीस येते.)

रमा_चिपळूण

धागा वाचून काढला, धन्यवाद. आम्ही उन्हाळ्यात बेलग्रेडला जातोय, नवऱ्याची तिथे तीन वर्षांची बदली आहे. पगाराचा काही भाग जर्मनीतून युरोत येणार. सर्बियाचं मे २०२६ म्हणताय, म्हणजे जाऊन कोणत्याही बँकेत खातं उघडलं तर चालेल?

वाईकर_वियेन्ना

कोणत्याही नाही. नोंदवहीत बँकेचं नाव शोधा, तिथे सामील होण्याची तारीखही असते. ब्रँडचं नाव नाही सापडलं तर कायदेशीर नावाने शोधा. दिनारचं खातं नको, युरोचं उघडा. आणि काउंटरवर सरळ विचारा: बाहेरून आलेल्या सेपा रकमेवर किती घेता? संघाचा फीवाला कायदा तिथे नाही, दरपत्रक हाच कायदा. जर्मनीच्या बाजूने कंपनीच्या बँकेने पाठवताना सेपाच निवडलंय ना, हेही एचआरकडून लेखी घ्या. सर्बिया नवीन असल्यामुळे जुन्या पेरोल सॉफ्टवेअरमध्ये तो अजून स्विफ्टच्या रकान्यात असण्याची दाट शक्यता.

निवृत्त_फॉरेक्स

पहिल्या महिन्यात छोटी रक्कम पाठवून बघा. पूर्ण आली तर सेपा. कापून आली तर मध्ये कोणीतरी बसला आहे.

रमा_चिपळूण

हे छान. नवऱ्याला धागा पाठवलाय, तो एचआरला विचारतो. तिथल्या दोन-तीन बँकांची दरपत्रकं मिळाली की इथेच टाकते.